तेलाची पाइपलाइन बांधणं आणि चालवणं: प्रकल्प सांभाळणाऱ्याला नक्की काय यावं लागतं?

रेषा_आखणी (धागाकर्ता)

मंडळी, तेल पाइपलाइनच्या क्षेत्रातल्या करिअरवर मराठीत जे सापडतं ते परीक्षा आणि पगाराभोवतीच फिरतं. कामाबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू: १८ इंची लाइन, लांबी २५० किलोमीटर, पेट्रोल आणि डिझेल आळीपाळीने वाहणार, कोकणपट्टीतून निघून घाट चढून नाशिकच्या पठारावर जाणारी. बांधकाम सांभाळणारा रोज सकाळी पहिल्यांदा काय बघतो? लाइन चालू झाल्यावर ऑपरेशनवाल्याला बांधकामातल्या कोणत्या चुका भोवतात? आणि आधी बांधकामात जावं की आधी ऑपरेशनमध्ये? शक्यतो आकड्यांसकट लिहा.

---

कातळरेषा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: गॅप, म्हणजे लाइनमध्ये मधेच काम राहून गेलेली जागा.

मासिक अहवालात "वेल्डिंग १८० किमी पूर्ण" असं ठळक लिहितात. त्या आकड्यावर विसंबू नका. १८० किलोमीटर वेल्डिंग झालंय, पण मध्ये चाळीस ठिकाणी लाइन तुटलेली असेल, तर तुमच्याकडे पाइपलाइन नाही, पाइपाचे एक्केचाळीस तुकडे आहेत. ना पिग (पाइपातून ढकलत नेण्याचं सफाईचं किंवा तपासणीचं यंत्र) पाठवता येत, ना हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) घेता येत. सलग लोअर झालेली (चरात उतरवलेली) लांबी किती आणि गॅप किती, हे दोनच आकडे खरे.

एक गॅप म्हणजे दोन टाय-इन, म्हणजे आधीच उतरवलेल्या टोकांना जोडणारे जॉइंट. टाय-इनचा जॉइंट खड्ड्यात उतरून मारायचा असतो. तिथे टोकं जुळवून धरणारा आतला क्लॅम्प चालत नाही, बाहेरचा लावावा लागतो. वेल्डरला पाइपाखाली आडवं होता येईल एवढा खड्डा हवा, पाणी आलं तर पंप हवा, दोन साइडबूम (पाइप उचलणारे ट्रॅक्टर) अडकून पडतात. मेनलाइनचा क्रू मैदानात दिवसाला किलोमीटरच्या आसपास सरकतो. टाय-इनच्या क्रूचे दिवसाला दोन जॉइंट झाले तरी चांगलं म्हणायचं. म्हणून शेवटच्या पाच टक्क्यांना कधीकधी आधीच्या पन्नास टक्क्यांएवढा वेळ लागतो.

गॅपचा तक्ता रोज लागतो: चेनेज (लाइनच्या सुरुवातीपासूनचं अंतर) कुठून कुठे, कारण काय (जमीन, परवानगी, क्रॉसिंग, कातळ, पाइपच नाही), कोणाच्या गळ्यात, कोणत्या तारखेला सुटणार. "प्रलंबित" हा शब्द त्या तक्त्यात लिहू देऊ नका. त्यातून कोणाला काय करायचंय ते कळत नाही.

कामाचा क्रम नेहमीचा: आरओयू (लाइनसाठी घेतलेला जमिनीचा पट्टा) साफ करणं, स्ट्रिंगिंग (पाइप ओळीने मांडणं), बेंडिंग, वेल्डिंग, रेडिओग्राफी (जॉइंटचा एक्स-रे), जॉइंट कोटिंग, ट्रेंच, लोअरिंग, बॅकफिल, जमीन पूर्ववत. पण घाटात आणि बेसॉल्टच्या पट्ट्यात हा क्रम फिरवा. ब्लास्टिंग आणि ट्रेंच आधी, स्ट्रिंगिंग नंतर. पाइप आधी टाकून शेजारी सुरुंग उडवला तर दगड थेट पाइपवर येतो. थ्री-लेअर पीईचं (पॉलिथिलीनचं) कोटिंग सुमारे तीन मिलिमीटरचं, ते फाटतं. आणि खाली स्टीलला डेंट पडला असेल तर तो फाटक्या कोटिंगवर टेप मारून झाकला जातो. तो डेंट पुढे आतला व्यास मोजणाऱ्या कॅलिपर पिगलाच दिसणार, तोवर वर दीड मीटर माती आणि उभं पीक.

---

सातबारा

कातळरेषांच्या तक्त्यातलं पहिलं कारण "जमीन" आहे, त्यावर थोडं सविस्तर.

जमीन विकत घेतली जात नाही. १९६२ च्या पेट्रोलियम अँड मिनरल्स पाइपलाइन्स कायद्याखाली फक्त वापरहक्क घेतला जातो. कलम ३(१) ची अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस. मग कलम ६ ची घोषणा, तीही पहिल्या अधिसूचनेपासून वर्षाच्या आत निघाली पाहिजे. हे वर्ष हुकलं तर तेवढ्या गटांपुरतं सगळं पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक गावाची ३(१) ची तारीख भिंतीवर लावलेली असावी. वापरहक्काचा मोबदला म्हणजे अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या दहा टक्के. पीक, झाडं, विहीर, पाइप यांचं नुकसान वेगळं. दर मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं.

पट्टा साधारण १८ मीटरचा. काम झाल्यावर शेतकरी त्यात पीक घेऊ शकतो. पण घर, विहीर, तळं, बंधारा आणि झाड यांना कलम ९ ने मनाई आहे. सोयाबीनवाल्याला याचं फार वाटत नाही. आंबा-डाळिंबवाल्याला आणि द्राक्षबागवाल्याला वाटतं, आणि त्याचं बरोबर आहे: त्याचा बागेचा पट्टा कायमचा जातो आणि हातात जमिनीच्या किमतीचा दहावा हिस्सा येतो. हे त्याला पहिल्याच भेटीत, गावासमोर, मराठीत सांगा. लपवलं तर तो पोकलेनसमोर उभा राहतो, आणि त्या वेळी गाव त्याच्या बाजूने असतं.

प्रत्यक्षात अडतं ते कागदावर. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली तीन माणसं वारलेली, वारसांचा फेरफार झालेला नाही, दोघे सुरतेला. चेक कोणाच्या नावाने काढायचा? यासाठी सर्व्हे चालू असतानाच तलाठ्याकडे फेरफाराची यादी घेऊन बसणारा एक माणूस पूर्णवेळ ठेवा. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, शेतकरी आणि ठेकेदार चौघेही शेतात हजर हवेत, पीक उभं असतानाचे फोटो हवेत. नांगरून टाकल्यावर केलेला पंचनामा हा भांडणाचा पाया असतो.

आणि एक गोष्ट: शेतकऱ्याची ठिबक किंवा विहिरीवरून आलेली पीव्हीसी लाइन ट्रेंचमध्ये तुटली तर ती त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत जोडून द्या. प्रत्येक क्रूच्या गाडीत ६३ आणि ७५ मिमीचे पाइप, कपलर, सोल्युशन असलं पाहिजे. भर उन्हाळ्यात तीन दिवस पाणी तुटलं की वेल पोळतात. शंभर-दोनशे रुपयांच्या कपलरवरून आख्खं गाव काम बंद पाडतं.

---

रेषा_आखणी

उसाचं काय करायचं? तो तर वर्षभर उभा असतो.

---

सातबारा

आडसाली दीड वर्षसुद्धा. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम आधी मिळवायचा आणि त्या गटांत क्रू त्याप्रमाणे फिरवायचा. खोडवा ठेवायच्या आत शिरलात तर नुकसानही कमी आणि वादही कमी. माती काढताना वरचा सुपीक थर वेगळा आणि खालचा मुरूम वेगळा, भरताना उलट क्रमाने. मुरूम वर आला तर दोन-तीन हंगाम त्या पट्ट्यात पीक खुरटं राहतं, आणि ती पिवळी पट्टी लाइनवरून चालणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

---

रेडिओग्राफ_८३

वेल्डिंगबद्दल. १२ मीटरचे पाइप धरले तर किलोमीटरला ८३ जॉइंट, २५० किमीला सुमारे एकवीस हजार. प्रत्येकाची रेडिओग्राफी. रिपेअरचं प्रमाण रोज वेल्डरनिहाय काढा, आठवड्याने नको. आठवड्यात एक वेल्डर शंभर जॉइंट बिघडवू शकतो.

ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये हमखास सापडणारी चूक: ई-६०१० चे सेल्युलोज इलेक्ट्रोड आणि ई-७०१८ चे लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड एकाच ओव्हनमध्ये. ७०१८ ला भाजणी हवी, कारण त्याला ओलावा चालत नाही. ६०१० ला उलट आवरणात थोडा ओलावा लागतोच, त्यावरच त्याच्या आर्कचा जोर असतो. तो भाजला की आर्क अडखळतो, रूटमध्ये (जॉइंटच्या सर्वांत आतल्या, पहिल्या थरात) छिद्रं येतात, आणि सुपरवायझर दोष वेल्डरला देतो. ६०१० बंद डब्यात, खोलीच्या तापमानाला. बस.

दुसरं, रूट पास पूर्ण होईपर्यंत आतला क्लॅम्प सोडायचा नाही. बाहेरचा क्लॅम्प असेल तर निदान अर्धा परीघ, तोही समान अंतराच्या तुकड्यांत. रूटनंतर हॉट पास (दुसरा थर) लगेच, काही मिनिटांत. "जेवून येऊन मारतो" म्हणून उघडा ठेवलेला रूट हे भेगेला आमंत्रण.

आणि संध्याकाळी प्रत्येक उघड्या टोकाला नाइट कॅप. लाकडी फळी किंवा गोणपाट नव्हे, घट्ट बसणारी धातूची टोपी. पाइपात पाणी, चिखल, साप, कुत्रं, ग्राइंडरची चाकं, पाण्याची बाटली, काहीही जातं. सगळं पुढे पाइपाची गोलाई तपासणाऱ्या गेज पिगसमोर गोळा होतं.

---

ओलावा_नको

काळ्या मातीतल्या ट्रेंचबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. १८ इंची, ७.१ मिमी जाडीच्या पाइपाचं वजन मीटरला ७९ किलो. तो मीटरला १६४ लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे रिकामा पाइप पाण्यात मीटरमागे ८५ किलोने वर येतो. जूनमध्ये लोअर केला, बॅकफिल अर्धवट, रात्री पाऊस झाला की सकाळी दोनशे मीटर स्ट्रिंग वर तरंगताना दिसते. मग पाइप खालची गाळमाती काढून पुन्हा बसवायचा, आणि कोटिंग नव्याने तपासायचं.

डिझेल भरलं की तोच पाइप २०७ किलोचा होतो, साध्या पाण्यात वर येत नाही. त्यामुळे प्रश्न बांधकामातल्या रिकाम्या काळाचाच. नदीनाल्यात काँक्रीट कोटिंग, भातखाचरात आणि काळ्या रानात वजनाच्या पिशव्या. त्या किती अंतरावर हे पावसाच्या आधी ठरवा. आणि जे पावसाआधी बॅकफिल होणार नाही ते लोअरच करू नका.

---

दाबमापक

घाटातल्या हायड्रोटेस्टचं गणित लिहितो, कारण नियोजनवाले ते शेवटी करतात आणि करायला हवं पाइपची ऑर्डर जाण्याआधी.

स्टील एक्स-६० ग्रेडचं, जाडी ७.१ मिमी. ०.७२ फॅक्टरने, म्हणजे यील्डच्या (स्टील कायमचं ताणलं जाऊ लागतं त्या मर्यादेच्या) ७२ टक्क्यांवर, डिझाइन दाब सुमारे ९४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला; पुढेही दाबाचा किलो हाच). टेस्ट त्याच्या १.२५ पट, म्हणजे ११८ किलो. इथे स्टील किमान यील्डच्या ९० टक्क्यांवर असतं. सेक्शनच्या सर्वांत खालच्या बिंदूला ९५ टक्के ओलांडायचे नाहीत अशी अट सहसा असते, म्हणजे साडेएकशे चोवीस किलो. हातात उरले साडेसहा किलो. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे १ किलो. म्हणजे वरच्या टोकाला ११८ मिळायचे असतील तर एका सेक्शनमध्ये उंचीचा फरक फक्त ६५ मीटर!

घाट ५७० मीटरचा धरला तर नुसत्या घाटात आठ-नऊ सेक्शन, प्रत्येकाला हेडर (टेस्टसाठी टोकाला लावायचा बंद तुकडा), पाणी, आणि मध्ये सेक्शन जोडणारे गोल्डन जॉइंट, ज्यांची हायड्रोटेस्ट होत नाही म्हणून रेडिओग्राफी आणि अल्ट्रासॉनिक दोन्ही करावं लागतं. आता घाटात ९.५ मिमी जाडी घ्या. ९५ टक्क्यांची मर्यादा १६६ किलोवर जाते, फरक ४८ किलो, म्हणजे ४८० मीटर. घाट दोन सेक्शनमध्ये संपतो. जाड पाइपाचे जास्तीचे पैसे इथेच वसूल होतात. व्हॉल्व्ह मात्र टेस्टमध्ये धरू नका, ते नंतर बसवा.

टेस्ट २४ तास. पाइप पाण्याने भरल्यावर पाणी आणि जमीन यांचं तापमान एक होऊ द्या, त्याला दिवस-दीड दिवस द्या. २५ अंशांच्या आसपास या आकाराच्या पाइपात पाणी १ अंशाने गार झालं तर दाब सुमारे ३ किलोने उतरतो. पहाटे चार वाजता दोन किलो पडले म्हणून गळती शोधायला माणसं पळवतात, आणि खरं कारण उघड्यावर असलेला हेडर असतो. पाइपाच्या अंगाला लावलेले तापमापक आणि हेडरवर सावली, दोन्ही आधीच हवं.

पाणी काढताना उताराच्या बाजूला पिग सुसाट पळतो. समोरून बॅक प्रेशर ठेवूनच सोडा.

---

उणे_८५०

लाइन लोअर झाली की गंजाची घड्याळं चालू होतात, कायमचं कॅथोडिक प्रोटेक्शन (पाइपाला हलका वीजप्रवाह देऊन गंज रोखणं) चालू व्हायला मात्र वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. तेवढ्यासाठी तात्पुरते झिंक किंवा मॅग्नेशियमचे अॅनोड लावतात. हे काम वेळापत्रकात "किरकोळ" म्हणून शेवटी ढकललं जातं. ढकलू देऊ नका.

निकष साधा: कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या मानाने ऑफ पोटेन्शियल (प्रवाह क्षणभर तोडून मोजलेलं पाइपाचं व्होल्टेज) उणे ०.८५ व्होल्टपेक्षा जास्त ऋण, पण उणे १.२ च्या पुढे नको, नाहीतर कोटिंग सुटतं.

मुंबईच्या बाजूला एक जुनी भानगड आहे. तिथल्या उपनगरी रेल्वेला पूर्वी १५०० व्होल्ट डीसी होतं. त्या भटक्या प्रवाहाने जमिनीतल्या धातूला मार बसायचा. आता सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी झालं, तर प्रश्न बदलला: रुळांना समांतर धावणाऱ्या लाइनमध्ये एसी व्होल्टेज चढतं. टेस्ट पोस्टला (पाइपाशी तारेने जोडलेल्या मोजणीच्या खांबाला) हात लावणाऱ्या माणसासाठी १५ व्होल्ट ही मर्यादा मानतात. जुन्या लाइनचे जुने रेकॉर्ड वाचताना रूपांतराआधीचे आणि नंतरचे आकडे एका तक्त्यात घालू नका.

रेल्वे क्रॉसिंगच्या केसिंगमध्ये (बाहेरच्या संरक्षक पाइपात) पाइप टेकला असेल तर केसिंग आणि पाइप शॉर्ट होतात आणि आतल्या पाइपाचं संरक्षण जातं. ढकलण्याआधी इन्सुलेटर मोजा, ढकलल्यावर लगेच मीटर लावा. रूळ चालू झाल्यावर तो पाइप परत ओढता येत नाही.

---

बॅच_नियंत्रक

ऑपरेशनच्या बाजूने. १८ इंची लाइनमध्ये किलोमीटरला १५४ किलोलिटर माल मावतो. २५० किमीला ३८,५०० किलोलिटर. तासाला ६०० किलोलिटरने पंप केलं तर वेग ताशी ३.९ किमी, आणि इकडून टाकलेलं डिझेल तिकडे पोचायला ६४ तास. नियंत्रण कक्षात बसणाऱ्याच्या डोक्यात हे गणित सतत चालू पाहिजे: आत्ता कुठली बॅच (एका मालाचा सलग टप्पा) घाटात आहे?

का, ते सांगतो. ५७० मीटर चढाला डिझेलचा नुसता उभा दाब ४७ किलो, पेट्रोलचा ४२. पंप बंद असतानाही पायथ्याला हा दाब असतोच. घाटातलं पेट्रोल वर सरकून त्या जागी डिझेल आलं की तोच प्रवाह ठेवायला पाच किलो जास्त लागतात. उलट झालं तर पाच किलो कमी. हे माहीत नसलेला माणूस दाब पडला की घाबरतो, किंवा त्याहून वाईट, खरी गळती "बॅच बदलली असेल" म्हणून सोडून देतो.

लाइन थांबवायची असेल तर इंटरफेस (दोन बॅचमधली सीमा) कुठे आहे ते आधी बघा. चढावर डिझेल वर आणि पेट्रोल खाली अशा स्थितीत थांबलात तर जड माल खाली उतरतो, हलका वर जातो आणि मिश्रण वाढतच राहतं. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल गेलं की फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेते ते) घसरतो, पेट्रोलमध्ये डिझेल गेलं की अंतिम उकळबिंदू वर जातो. दोन्ही टाक्या नापास. पूर्वी मध्ये केरोसीनची बॅच टाकायचे, ते दोघांतही खपायचं. केरोसीनच कमी झाल्यावर इंटरफेस नीट कापणं हे घनतामापकावर आणि ऑपरेटरच्या हातावर आलं.

शिखरापलीकडे उतार असेल तर तिथे दाब बाष्पदाबाच्या (ज्याखाली मालाची वाफ होऊ लागते त्या दाबाच्या) खाली जाऊ देऊ नका, नाहीतर लाइन अर्धी रिकामी वाहते. पोचत्या टोकाला बॅक प्रेशर ठेवा. ही अर्धी रिकामी अवस्था आणि गळती स्काडावर (नियंत्रण कक्षाच्या संगणक यंत्रणेवर) सारख्याच दिसतात. अमेरिकेत मिशिगनमध्ये मार्शलजवळ २५ जुलै २०१० ला ३० इंची क्रूड लाइन फुटली. नियंत्रण कक्षाने ते स्तंभ तुटल्याचं, म्हणजे याच अर्ध्या रिकाम्या अवस्थेचं, लक्षण धरलं, लाइन दोनदा पुन्हा चालू केली, आणि गळती ओळखायला १७ तासांच्या वर गेले. सांडलेल्या तेलातलं बहुतेक त्या दोन पुनर्सुरुवातींत सांडलं. घाटाच्या लाइनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्याचा सार्वजनिक चौकशी अहवाल वाचावा. संशय असेल तर पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, माणूस जागेवर. तीन तासांचं पंपिंग बुडालं तर बुडालं.

---

रेषा_आखणी

मग बांधकामातली कोणती चूक तुम्हाला सर्वांत जास्त भोवते?

---

बॅच_नियंत्रक

चुकीचं पाइप बुक. त्यात प्रत्येक पाइपाचा नंबर, हीट नंबर (स्टील कोणत्या ओतातलं ते), लांबी, जाडी आणि जॉइंट नंबर क्रमाने असतात. पाइपाची भिंत तपासणारा इंटेलिजंट पिग सांगतो, "अमुक जॉइंटच्या पुढे ३.२ मीटरवर, ५ वाजताच्या दिशेला धातू कमी." पाइप बुक बरोबर असेल तर एक खड्डा. चुकीचं असेल, म्हणजे कापलेला तुकडा दुसरीकडे वापरला आणि नोंद केली नाही, तर द्राक्षबागेत तीन खड्डे, आणि तिन्हीचा मोबदला.

---

कातळरेषा

याच्याशी शंभर टक्के सहमत. पाइप बुक रोज संध्याकाळी लिहा, महिन्याच्या शेवटी आठवून लिहू नका. ओएफसी (ऑप्टिकल फायबर केबल) डक्ट पाइपाच्या कोणत्या बाजूला आहे हेही त्यातच.

---

रेडिओग्राफ_८३

करिअरच्या प्रश्नावर थोडक्यात. सार्वजनिक कंपन्यांत शिरायचा रस्ता बहुतेक गेट परीक्षेतून. सल्लागार आणि ठेकेदारांकडे थेट. माझं मत: पहिली तीन-चार वर्षं बांधकामात, तीही ऑफिसात नको, स्प्रेडवर, म्हणजे प्रत्यक्ष लाइन टाकणाऱ्या तुकडीबरोबर. मग स्टेशनवर. ऑपरेशन आधी केलेल्याला पुढे बांधकामात यायची संधी क्वचित मिळते. एपीआय ११६९ हे पाइपलाइन बांधकाम तपासनीसाचं प्रमाणपत्र आखातात आणि इकडेही उपयोगी पडतं. गंजाकडे ओढा असेल तर कॅथोडिक प्रोटेक्शनचा वेगळा रस्ता आहे, आणि त्यात माणसं कमी आहेत.

---

उणे_८५०

थोडा असहमत. पहिलं वर्ष तरी ऑपरेशनला द्या, निदान सहा महिने. ड्रेन व्हॉल्व्हला हात पोचत नाही म्हणजे काय हे एकदा रात्रपाळीत कळलं की ड्रॉइंगवर सही करताना माणूस थांबतो.

---

सातबारा

आणि दोघांनाही: काम संपून लाइन हस्तांतरित करताना फक्त चेनेजचे नकाशे देऊ नका. चेनेज, गाव, गटनंबर, शेतकऱ्याचं नाव, त्याचा फोन आणि तिथे पाइप किती खोल, असा एक तक्ता द्या. चेनेज १४२.३ ला जेसीबी लागलाय असा फोन रात्री आला तर लाइनवॉकर पोचायला पाऊण तास लागेल. त्या गटाचा शेतकरी बॅटरी घेऊन पाच मिनिटांत पोचतो, पण त्याचा मोबदला पोचलेला असला पाहिजे. राहिलेल्या धनादेशांची यादी त्याच तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ठेवा आणि तो रकाना कोरा होईपर्यंत हस्तांतरणावर सही घेऊ नका.